माळ्यावरची ट्रंक भंगारात घालण्याआधी

कोल्हापूरकरांनो, पंधरा दिवस हातात आहेत. त्यातले दोन तर हे वाचेपर्यंत गेलेसुद्धा असतील.

पितृपंधरवडा लागला. सर्वपित्री अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी घट बसतात, आणि घट बसायच्या आधी आपल्याकडे अख्खं घर अंगणात येतं. वाकळा, चादरी, पडदे सगळं धुवून दोरीवर चढतं, भांडी घासून निघतात, आणि मग कुणीतरी शिडी लावून माळ्यावर चढतं. वर्षभर कुणी हात न लावलेली पत्र्याची ट्रंक खाली येते. झाकण उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास, वाळवीची माती, जुन्या पावत्या, कुणाकुणाचे फोटो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "कोण गं ही?" दुसरं म्हणतं, "काय माहीत. टाक तिकडं." आणि दारात भंगारवाला उभाच असतो.

माझी विनंती त्या "टाक तिकडं" या दोन शब्दांपुरतीच आहे. या वर्षी ते म्हणू नका.

तंबोरा मांडीवर घेतलेल्या बाईचा फोटो असेल, नाटकाच्या किंवा सिनेमाच्या पोशाखातली अनोळखी मुलगी असेल, काळी जड तबकडी असेल, फडाची सुपारी घेतल्याची चिठ्ठी असेल, कंपनीच्या पगारपत्रकाचं पान असेल, उर्दूत किंवा मोडीत लिहिलेली वही असेल, तर ती बाजूला काढून ठेवा. वाचता येत नाही म्हणून फेकू नका. ओळखीचं कुणी नाही म्हणून तर मुळीच फेकू नका. अनोळखी आहे म्हणूनच ती महत्त्वाची आहे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकीतून सांगते. आमचं पेठेतलं जुनं घर पाडायला काढलं तेव्हा अशीच एक ट्रंक निघाली. आत आजोबांच्या कागदांखाली जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो होता. खुर्चीवर बसलेली तिशीतली बाई, नऊवारी, नाकात मोठी नथ, कानांत बुगड्या, शेजारी उभा तंबोरा. तिची नजर फोटोग्राफरकडे नव्हती, तंबोऱ्याच्या खुंट्यांकडे होती, जणू हा फोटोचा प्रकार लवकर उरकला तर बरं, तार उतरली आहे. पाठीमागं शाईनं दोनच शब्द होते : "बाई, कोल्हापूर." मी आत्याला विचारलं. आत्यानं फोटो पालथा घातला आणि म्हणाली, "असल्या बायकांचं काय विचारायचं?" मी तेव्हा सतरा वर्षांची होते. पुन्हा विचारलं नाही. फोटो रद्दीबरोबर गेला. आज आत्या नाही, घर नाही, फोटो नाही. माझ्याकडे उरली आहे ती तिची खुंट्यांकडची नजर, आणि ती काही कुठल्या संग्रहालयात देता येत नाही.

आपण आपल्या गावाला कलापूर म्हणवून घेतो. म्हणवून घ्यावंच, हक्क आहे आपला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. कॅमेऱ्याचा स्तंभ बांधणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. बाबूराव पेंटरांनी इथं, आपल्या मिस्त्रीकामाच्या हातांनी कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, त्याची ती खूण. दरवर्षी १ डिसेंबरला तिथं हार चढतो, भाषणं होतात. पण त्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायला कोण आलं होतं, हे त्या चौकातून रोज गाडी काढणाऱ्या शंभर जणांना विचारा.

आली होती गुलाबबाई. आणि अनुसूयाबाई.

त्यांच्या धाडसाची किंमत कळायला थोडं मागं जावं लागतं. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एक बाई मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाचा, खानावळीत काम करणारा पोऱ्या तारामती झाला. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई उभ्या राहिल्या, तरी सिनेमातली बाई म्हणजे काय, हे समाजानं ठरवून टाकलं होतं. अशा काळात बाबूरावांनी 'सैरंध्री' काढायला घेतला आणि गुलाबबाई नि अनुसूयाबाई तयार झाल्या. फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात चित्रपट लागला. लोकमान्यांनी पाहिला, बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. कीचकवधाचा प्रसंग इतका खराखुरा वठला होता की त्याला पुढं कात्री लागली. हे सगळं पुस्तकांत आहे, आणि ठळक आहे.

पुस्तकांत एका ओळीत येऊन जाणारी गोष्ट अशी : या दोघींना त्यांच्या समाजानं वाळीत टाकलं. राहायला घर उरलं नाही, म्हणून त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला.

त्या आवारातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दिवसभर उन्हात चित्रण, कारण दिवे नव्हते, सूर्य हाच दिवा. ऊन उतरल्यावर पुरुष मंडळी आपापल्या घरी. या दोघी मात्र रंगवलेल्या पडद्यांच्या, लाकडी महालांच्या आडोशाला. सकाळी राणी नि दासी, रात्री बेघर. पडद्यावर द्रौपदीची विटंबना बघून हळहळणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांच्या घरात या दोघींना पाटावर बसून जेवता आलं असतं?

आणि नाव? पडद्यावर गुलाबबाईची कमलादेवी झाली, अनुसूयाबाईची सुशीलादेवी. मला हा बदल फार बोलका वाटतो. 'बाई' ही कोठ्यावरची, फडातली, बैठकीतली. 'देवी' म्हणजे देव्हाऱ्यातली. जाहिरातीत शोभावं म्हणून बाईची देवी केली, पण देवीला राहायला घर कुणी दिलं नाही. आज शोधायला गेलं तर खरं नाव एका जागी, पडद्यावरचं दुसऱ्या जागी, जन्म कुठला, मरण कधी, नंतर काय झालं, कशाचा पत्ता नाही. 'सैरंध्री'ची फीतही हयात नाही. कुणाच्या तरी घरी एखादं छायाचित्र, पोस्टर, पत्र असेल तर तेवढंच.

त्याच कंपनीची आणखी एक गोष्ट. सिनेमा काढायला पैसा लागतो, तो पेंटरांकडं नव्हता. तो ज्यांनी दिला त्यांत तानीबाई कागलकर हे नाव आहे. म्हणजे मराठी चित्रपटाच्या एका मोठ्या घराण्याच्या पायात एका बाईचा पैसा आहे. पुढं याच कंपनीत शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. प्रभातची तुतारी आपण सगळे ओळखतो. तानीबाईंचा चेहरा कसा होता, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे? विचारते आहे ते टोमणा म्हणून नाही. खरंच असेल कुणाकडे, तर कळवा.

कोल्हापूर मुळात कोत्या मनाचं आहे, असं मला म्हणायचं नाही. अल्लादियाखाँसाहेबांचं नाव निघालं की आपण आजही कानाची पाळी धरतो. आबालाल रहिमानांची चित्रं दाखवताना, कोटीतीर्थाच्या काठचा हा फकीर चित्रकार आमचा, असं अभिमानानं सांगतो. दोघेही मुसलमान, दोघांनाही शाहू महाराजांनी जवळ केलं, दोघांनाही गावानं आपलं मानलं. जातधर्माची भिंत आपण ओलांडू शकतो, हे गावानं करून दाखवलंय. पण ती ओलांडताना बाई मागं राहिली. उस्ताद आठवतात, त्यांच्यापुढं बसून बारा-बारा वर्षं एकेक आलाप घोटणाऱ्या मुली आठवत नाहीत.

लक्ष्मीबाई जाधव घ्या. कोल्हापूरच्या. अल्लादियाखाँचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या, बडोद्याच्या दरबारात गायिका झाल्या, तबकड्या निघाल्या. उतारवयात कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णींना त्यांनी तालीम दिली. धोंडूताईंचं नाव निदान त्यांच्या शिष्येनं पुस्तक लिहून जगापुढं नेलं. लक्ष्मीबाईंचा आवाज मात्र आता काही संग्राहकांच्या कपाटांत आहे. आपल्या गावात त्यांच्या नावाची एक गल्लीही मला सापडलेली नाही.

मिरज आपल्यापासून किती लांब? तासाभराची वाट. तिथं अब्दुल करीमखाँ आणि ताराबाई माने यांच्या घरात चंपाकली आणि सकीना जन्मल्या. महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं ते हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे म्हणून. मोठ्या झाल्या, नाव झालं, मान मिळाला, सगळं खरं. पण 'सकीना' नावानिशी हा मान मिळाला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर द्यायला जीभ अडखळते.

ज्यांनी नाव बदललं नाही त्यांचं काय झालं, हे बघायचं तर गोहरबाई कर्नाटकी आहेत. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीकडच्या. धाकटी बहीण अमीरबाई हिंदी सिनेमात गाजली. गोहरबाई बालगंधर्वांच्या गाण्यावर भाळून मराठी रंगभूमीवर आल्या, गंधर्व कंपनीच्या उतरत्या काळात भूमिका केल्या, त्यांची गायकी गळ्यात उतरवली, आणि गंधर्वांचे पाय गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसल्या. मराठी रसिकांनी त्यांना कोणती भूमिका दिली? खलनायिकेची. देवमाणसाला नादी लावणारी मुसलमान बाई. कंपनी बुडाली ती हिच्यामुळं, कर्ज झालं ते हिच्यामुळं. त्या काय गायल्या, कशा गायल्या, याबद्दल दोन पानं सलग मला कुठं वाचायला मिळाली नाहीत. त्यांच्या चारित्र्याबद्दल मात्र पानंच्या पानं आहेत. रंगभूमीच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी आपल्या वाडवडिलांच्या डायऱ्या त्या दृष्टीनं एकदा पुन्हा चाळाव्यात. शिव्यांच्या मध्ये कुठंतरी, "आज बाईंनी पद बरं म्हटलं," अशी एखादी ओळ असायची शक्यता आहे. ती ओळ हवी आहे.

आता जरा अवघड भागाकडं येते.

हे कागद घराघरांत आहेत, पण लपवलेले आहेत. आपली आजी, पणजी बैठकीत गायची, फडात नाचायची, कंपनीत होती, हे सांगायला घरं कचरतात. कारण साधं आहे. आजीच्या पिढीनं सोसलं, आईच्या पिढीनं ते पुसलं, पोरांची लग्नं जमवायची होती. देवदासी-जोगतिणींच्या प्रथेविरुद्ध शाहू महाराजांनी १९२० साली कायदा केला, म्हणजे ज्या साली 'सैरंध्री' लागला त्याच साली. कायद्यानं प्रथा मोडायला सुरुवात झाली, पण त्या घरांतलं गाणं, ताल, अदा यांना मानाची दुसरी जागा तेवढ्या वेगानं मिळाली नाही. मग घरांनी काय केलं? तंबोरा विकला, फोटो उलटा लावला, आडनाव बदललं, पेठ बदलली. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. तुम्ही-आम्ही त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

पंधरवड्यात अविधवा नवमी येते. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी मांडतात. विधवा गेली तर तिची तिथी असते. पण जिला कुणी कुंकवाचा धनीच म्हणवला नाही, जिची मुलं आईच्या नाहीतर गावाच्या नावानं ओळखली गेली, तिचं पान कुठल्या दिवशी? माझ्या आजीनं हा प्रश्न कधी विचारला नाही. मी विचारला तर ती म्हणाली असती, सर्वपित्रीला सगळेच येतात की. असेल. येत असतीलही. पण नाव घेऊन बोलावल्याशिवाय कोण येतं?

म्हणून ज्यांच्या घरात असा धागा आहे त्यांना हात जोडून सांगते : जगजाहीर करा, असं मी म्हणत नाही. नाव छापायचं की नाही, कधी, कुठल्या नावानं, हे तुम्हीच ठरवायचं. पन्नास वर्षं बंद ठेवायची अट घालून कागद देता येतात. एवढंच करा की पुरावा नष्ट करू नका. आज लाज वाटते त्या गोष्टीचा तुमच्या नातीला अभिमान वाटेल, तेव्हा तिच्या हाताला काहीतरी लागू द्या.

आणि बाकीच्या सगळ्यांना सांगते, विचारताना जीभ सांभाळा. "तुमची आजी नाचायची का हो?" असा प्रश्न विचारणारा संशोधक दारातूनच परत जाईल, आणि ते योग्यच होईल.

हे सगळं जुन्या काळाचं झालं असं वाटत असेल तर मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. सुभाषनगरात एका घरी चप्पल करायला टाकली होती, ती आणायला गेले. बाहेरच्या खोलीत दोघे पुरुष कातडं कापत बसलेले. आत, उंबऱ्याला लागून, उजेड येईल अशा बेतानं एक मावशी बसल्या होत्या. पायाच्या अंगठ्यात चामड्याच्या बारीक पट्ट्यांचं टोक अडकवलेलं, आणि दोन्ही हात वेणी घालत होते. बघत होत्या माझ्याकडे, बोलत होत्या सुनेशी, बोटं आपली चाललेली. एक पट्टी जराशी जाड निघाली. न बघता त्यांनी ती अंगठ्याखाली चाचपली, दातात धरून ताणली आणि बाजूला टाकली. मी म्हटलं, "मावशी, ही वेणी तुम्ही घालता होय? दुकानात तर मालकांचंच नाव आहे."

"मग? घरधन्याचंच असतंय की."

"आणि तुमचं?"

त्या हसल्या. "लोक चप्पल घालत्यात, नाव न्हाई घालत. मी बारा वर्षांची असल्यापास्नं वेणी घालतो. कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

'मी घालतो.' आमच्या कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, बाहेरचे लोक हसतात. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायात तसलीच चप्पल दिसली, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. केवढा गहजब झाला! आपण सगळे चिडलो, मीही चिडले. परक्यानं आपल्या कारागिराचं नाव घेतलं नाही म्हणून आपण रान उठवलं, ते रास्तच होतं. पण त्या चपलेवरची वेणी घालणाऱ्या दलित बाईचं नाव आपण तरी कधी घेतलं होतं? चप्पल लाइनीत दुकानापुढं उभं राहून कापशी की पुकरी, बक्कलनाळी की कचकडी, यावर आपण तासभर घासाघीस करतो. वेणी कुणाच्या हातची, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. विचारा. दुकानदारांनी खोक्यावर एक ओळ छापावी : वेणी अमुक यांची. ज्यांना नाव द्यायचं नसेल त्यांनी देऊ नये. पण विचारलं तरी जावं.

घाई कशाला, असं कुणी म्हणेल. शंभर वर्षं थांबलं ते आणखी दोन वर्षं थांबेल.

नाही थांबणार. ८ ऑगस्ट २०२४ची रात्र आठवा. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं आणि आपण रस्त्यावर उभे राहून रडत होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रात्री होतं, सकाळी फक्त भिंती. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या, त्यात प्रभातचा मोठा ठेवा गेला. २००५, २०१९, २०२१ या तीन महापुरांत तळमजल्यावरच्या किती पेट्या पाण्यात गेल्या त्याची गणतीच झाली नाही. आणि आग, पाणी नसेल तिथं बिल्डर आहे. पेठांमधले वाडे पडताहेत, नव्या फ्लॅटला माळाच नसतो.

माणसंही चाललीत. ज्यांनी लक्ष्मीबाईंना समोर बसून ऐकलं असे कितीसे उरले असतील? नव्वदीतल्या त्या आजी-आजोबांकडं जायला पुढच्या मे महिन्याची सुट्टी उजाडू देऊ नका.

दोन उदाहरणं देते, धीर यावा म्हणून. केरळात पी. के. रोझी नावाची दलित ख्रिस्ती मुलगी मल्याळम सिनेमाची पहिली नायिका झाली. 'विगतकुमारन'मध्ये तिनं नायर बाईची भूमिका केली, म्हणून सवर्ण प्रेक्षक खवळले, तिचं घर जाळलं, ती गाव सोडून तमिळ मुलखात गेली आणि उरलेला जन्म तिनं कुणाला न सांगता काढला. आपल्या गुलाबबाई-अनुसूयाबाईंची पाठची बहीणच म्हणा. पण केरळातल्या लेखकांनी, अभ्यासकांनी तिचा माग काढला. तिथल्या सिनेमातल्या बायकांनी २०१९ साली तिच्या नावानं फिल्म सोसायटी काढली. २०२३च्या १० फेब्रुवारीला गुगलच्या पहिल्या पानावर तिचं चित्र झळकलं. आपल्या दोघी रोझीच्या आधीच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी आपण अजून काही केलेलं नाही.

दुसरं उदाहरण घरचंच. गोव्याच्या कलावंत समाजातली केसर नावाची आठ वर्षांची पोर गाणं शिकायला कोल्हापुरात आली, अब्दुल करीमखाँकडे काही महिने बसली, पुढं मुंबईत अल्लादियाखाँची गंडाबंध शिष्या झाली. केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तीत त्यांची भैरवी आहे. ती भैरवी तबकडीत घ्यायची ठरली तेव्हा मूळ रेकॉर्ड मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. कुणीतरी त्या फेकल्या नव्हत्या, एवढंच. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

तेव्हा टेबलाखालची खोकी बघा. आता करायचं काय, ते सांगते.

तबकडी सापडली तर ती लाखेची असते, पडली की काचेसारखी फुटते. आडव्या थप्प्या लावू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा. स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ काढा, बास. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी गाणारी बाई स्वतःचं नाव मोठ्यानं सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिराला आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ही सोय. म्हणजे जर्मन यंत्रानं जे नाव मागून घेतलं ते आपण हरवलं. तर तबकडी शेवटपर्यंत ऐका, शेवटचे चार सेकंद सगळ्यांत मोलाचे.

फोटो अल्बममधून उचकटू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, चिकटपट्टीही नको. मोबाईलवर पुढची नि मागची अशा दोन्ही बाजू टिपा, कारण नाव असलंच तर मागं असतं. माहीत असेल तेवढं मऊ पेन्सिलीनं मागच्या कोपऱ्यात लिहा. अंदाज असेल तर 'अंदाज' असंच लिहा. खोटी खात्री पुढच्या माणसाला फसवते. डब्यात फिल्मची जुनी रिळं निघाली तर ती उन्हात किंवा स्वयंपाकघरात उघडू नका, जुनी नायट्रेटची फीत पेट घेते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी विचारा.

घरात म्हातारं माणूस असेल तर मोबाईल समोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू केलंय हे सांगा आणि आधी तुमचं नाव, तारीख, गाव बोला. मग त्यांना बोलू द्या. मध्ये दुरुस्त्या करू नका. विसरले तर गाणं गुणगुणायला सांगा, गाण्याच्या पाठोपाठ नावं येतात.

मूळ वस्तू तुमच्याच घरी राहू दे. प्रत करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात द्यायची तयारी ठेवा. आणि या दोन्ही संस्थांना माझी जाहीर विनंती : एक कपाट आणि एक माणूस या कामाला द्या. लोकांनी वस्तू आणून दिली की तिची पोच द्या, देणाऱ्याच्या अटी लिहून घ्या. १८५० सालापासून चालत आलेल्या वाचन मंदिराला कपाट जड नाही.

मुस्लिम, ख्रिस्ती, दलित, भटक्या-विमुक्त वस्त्यांमधल्या शिक्षकांना वेगळं सांगते. तुमच्या वर्गातल्या मुलींना एकच गृहपाठ द्या : घरातली सगळ्यांत वयस्कर बाई काय गायची, काय विणायची, काय रंगवायची, ते तिच्या नावासकट लिहून आणा. मोहरमच्या मर्सियांपासून पाळण्याच्या गाण्यांपर्यंत काय काय निघेल बघा. ज्या मुलांना मोबाईल चांगला चालवता येतो त्यांनी मराठी विकिपीडियावर या बायकांची पानं लिहावीत, पण पुरावा असेल तेवढंच.

आणि चित्रपट महामंडळाला, महापालिकेला : १ डिसेंबर जवळ येतोय. मानस्तंभाखाली एक छोटी पाटी लावा. त्यावर विशेषणं नकोत, तीन नावं पुरेत. तानीबाई कागलकर. गुलाबबाई. अनुसूयाबाई. पहिला हार त्या पाटीला घाला, मग कॅमेऱ्याला. शंभर वर्षं उलटून गेलीत, आता पाटीला निविदा, ठराव, समिती असला घोळ घालू नका.

एवढं वाचून झालं असेल तर शिडी काढा. भंगारवाला आमच्या पेठेत मंगळवारी आणि शनिवारी येतो, सकाळी दहाच्या सुमाराला.